भंडारा पिवळाच दिसला पाहिजे : ऑटो आणि प्रीसेट वापरण्याची रीत

बेळगाव तालुक्यातल्या गावांत लक्ष्मी यात्रा भरते, तेव्हा देवीच्या रथावर, वाजंत्र्यांवर आणि रथ ओढणाऱ्या माणसांवर इतका भंडारा उधळला जातो की दुपारच्या उन्हात हवाच पिवळी होते. काही वर्षांपूर्वी अशाच एका यात्रेचे सुमारे ६०० फोटो दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तयार करून देण्याचे मी कबूल केले होते. रात्री उशिरा, डोळ्यांवर झोप आलेली असताना, मी सगळे फोटो एकदम निवडले, व्हाइट बॅलन्सच्या (उजेडाच्या रंगाची छटा काढून पांढरे ते पांढरे दाखवणाऱ्या सोयीच्या) यादीतला 'ऑटो' हा पर्याय सरसकट लावला आणि फोटो पेनड्राइव्हमध्ये भरून टाकले. सकाळी यात्रा कमिटीतल्या एका वयस्कर गृहस्थांनी पहिला फोटो पाहिला, दुसरा पाहिला आणि शांतपणे विचारले, "भंडारा कुठं गेला?" भंडारा फोटोत होता, पण तो जोंधळ्याच्या पिठासारखा फिकट पडला होता आणि माणसांच्या चेहऱ्यांवर निळसर छटा आली होती. ते सगळे फोटो पुन्हा करण्यात माझ्या पुढच्या दोन रात्री गेल्या.

असे का झाले, ते समजून घेण्यासारखे आहे. चित्रातले सगळे रंग एकत्र मिसळले तर सरासरीने राखाडी रंग यावा, हे स्वयंचलित व्हाइट बॅलन्समागचे जुने गृहीतक आहे. घरातल्या पिवळ्या दिव्याखाली काढलेल्या फोटोला ते चांगले लागू पडते, कारण तिथे पिवळेपणा दिव्याचा असतो आणि तो काढून टाकणेच योग्य असते. यात्रेच्या फोटोत मात्र पिवळेपणा उजेडाचा नसून भंडाऱ्याचा होता. सॉफ्टवेअरने तो दोष समजून त्यावर निळा रंग चढवला. तेव्हापासून कोणतेही ऑटो बटण दाबण्यापूर्वी मी एकच प्रश्न विचारतो : हा रंग उजेडाचा आहे की वस्तूचा? पुढे जे काही सांगणार आहे, ते सगळे या प्रश्नाभोवतीच फिरते.

दोन वेगळी हत्यारे

'ऑटो' आणि 'प्रीसेट' हे दोन शब्द आपल्याकडे सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात आणि बहुतेक घोटाळे तिथूनच सुरू होतात. ऑटो हे बटण प्रत्येक फोटो स्वतंत्रपणे पाहते, त्यातले उजळ आणि गडद भाग मोजते आणि त्या फोटोपुरता निर्णय घेते. त्यामुळे दहा फोटोंना ऑटो लावला तर स्लायडरचे (उजेड आणि रंग कमीजास्त करणाऱ्या सरकपट्ट्यांचे) दहा वेगवेगळे आकडे मिळतात. साधा प्रीसेट फोटोकडे पाहतच नाही. एकदा ठरवून साठवलेल्या आकड्यांची ती यादी असते, आणि उन्हातल्या फोटोला व काळोख्या गाभाऱ्यातल्या फोटोला ती सारख्याच इमानाने लावली जाते. शिंप्याच्या भाषेत सांगायचे तर ऑटो माप घेऊन शिवतो आणि प्रीसेट हा तयार सदरा असतो. लग्नाच्या अल्बमला दोन्हींची गरज असते, कारण उजेड फोटोगणिक बदलतो, पण अल्बमचा रंगढंग पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच राहावा लागतो.

मी रोजचे काम लाइटरूम क्लासिक या फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये करतो, म्हणून उदाहरणे त्यातली घेत आहे. कळा विंडोजच्या सांगत आहे. डेव्हलप विभागातल्या बेसिक पॅनेलमधले ऑटो बटण, किंवा कंट्रोल आणि यू या कळा, दाबल्या की एक्स्पोजर, कॉन्ट्रास्ट, हायलाइट्स, शॅडोज, व्हाइट्स, ब्लॅक्स, व्हायब्रन्स आणि सॅच्युरेशन हे आठ स्लायडर हलतात. डिसेंबर २०१७ मध्ये आलेल्या ७.१ आवृत्तीपासून हे आकडे मोठ्या संख्येच्या फोटोंवर शिकवलेल्या यंत्रणेकडून ठरतात, आणि त्यापूर्वीच्या ऑटोपेक्षा ते पुष्कळच समजूतदार असतात. व्हाइट बॅलन्सला हे बटण हात लावत नाही. त्याचा ऑटो वेगळा आहे आणि तो त्याच्या स्वतःच्या यादीत आहे. ही विभागणी लक्षात ठेवली पाहिजे, कारण उजेडाचा ऑटो चुकला तर फोटो थोडा फिका किंवा गडद होतो, पण रंगाचा ऑटो चुकला तर प्रसंगच बदलतो.

आठही स्लायडर एकदम सोपवायचे नसतील तर शिफ्ट दाबून एखाद्या स्लायडरच्या नावावर दोनदा क्लिक करावे, म्हणजे तेवढ्याच स्लायडरचा ऑटो लागतो. मी बहुतेक वेळा व्हाइट्स आणि ब्लॅक्स असेच ठरवून घेतो आणि बाकीचे हाताने करतो. व्हायब्रन्स व सॅच्युरेशन तर ऑटोनंतर पुष्कळदा शून्यावर परत आणतो, कारण कांजीवरम किंवा पैठणी नेसलेल्या माणसांच्या फोटोत रंग मुळातच भरपूर असतो.

प्रीसेटची एक गोष्ट नव्या मुलांना हमखास गोंधळात टाकते. प्रीसेटमधला आकडा आधीच्या आकड्यात मिळवला जात नाही. तो आधीचा आकडा पुसून त्याच्या जागी बसतो. समजा आपण एका फोटोचे एक्स्पोजर हाताने ०.७० ने वाढवले आणि मग असा प्रीसेट लावला की ज्यात एक्स्पोजर ०.२० साठवलेले आहे, तर अंतिम आकडा ०.९० होत नाही, ०.२० होतो आणि आपली मेहनत वाया जाते. एकावर एक दोन प्रीसेट लावले तर दोघांत समान असलेले स्लायडर दुसऱ्याचे आकडे घेतात आणि फक्त पहिल्यात असलेले स्लायडर तसेच मागे राहतात, म्हणून पाच-सहा प्रीसेट एकामागून एक चाखून पाहिल्यावर फोटोवर नेमके काय लागले आहे ते कोणालाच सांगता येत नाही. प्रीसेट पसंत पडला नाही की पुढचा लावण्याआधी आधीचा कंट्रोल आणि झेड दाबून मागे घ्यावा.

आधी गठ्ठे, मग बटण

कामाचा क्रम माझ्या मते यंत्राच्या हुशारीपेक्षा महत्त्वाचा आहे. एका लग्नाचे फोटो संगणकात आले की मी ते प्रसंगाप्रमाणे न लावता उजेडाप्रमाणे लावतो : सकाळी अंगणातली हळद, कार्यालयातल्या ट्यूबलाइटखालचे विधी, स्टेजवरच्या रंगीत एलईडीतल्या अक्षता, व्हिडिओवाल्याच्या हॅलोजनमधले जेवणावळीचे फोटो, आणि संध्याकाळी दाराबाहेरची पाठवणी. सरासरी लग्नात असे पाच-सहा गठ्ठे होतात. प्रत्येक गठ्ठ्यातला उजेड एकसारखा असल्यामुळे एका फोटोवर घेतलेला रंगाचा निर्णय बाकीच्यांना बिनधास्त लावता येतो.

व्हाइट बॅलन्स प्रत्येक गठ्ठ्याला एकदाच, हाताने ठरवावा. त्यासाठी उजेड बदलला की एक फोटो राखाडी कार्ड (रंगाची कोणतीही झाक नसलेले, संदर्भासाठीचे कार्ड) धरून काढण्याची सवय ठेवावी. कार्ड नवऱ्याच्या करवल्याच्या हातात दिले तरी चालते. त्या फोटोतल्या कार्डावर व्हाइट बॅलन्सच्या ड्रॉपरने क्लिक केले की आकडा मिळतो आणि सिंक करून, म्हणजे एका फोटोचे आकडे इतरांना देऊन, तो गठ्ठाभर पसरवता येतो. कार्ड नसेल तर पांढरे सुती धोतर किंवा भटजींचे उपरणे यांवर ड्रॉपर चालवता येतो, मात्र आजकालच्या पुष्कळ पांढऱ्या कपड्यांना नीळ किंवा चमक आणणारे पावडरचे घटक लागलेले असतात, त्यामुळे निकाल किंचित पिवळट येतो. भात, मोगरा किंवा भिंत यांच्यावर क्लिक करण्याच्या भानगडीत पडू नये, कारण त्यांचे पांढरेपण खरे नसते.

त्यानंतर उजेडाचा ऑटो. येथे सिंक आणि ऑटो यांतला फरक पाहावा लागतो. एका फोटोला ऑटो लावून त्याचे आकडे सिंकने इतरांना दिले, तर त्या एका फोटोचा निर्णय सगळ्यांवर लादला जातो. लायब्ररी विभागात फोटो निवडून क्विक डेव्हलपमधला ऑटो दाबला, तर प्रत्येक फोटोचा वेगळा हिशेब होतो. उजेड सतत बदलत असेल, जसे ढगाळ दिवशी अंगणात होते, तर दुसरा मार्ग घ्यावा. कार्यालयातला उजेड स्थिर असूनही कॅमेऱ्याने अ‍ॅपर्चर मोडमध्ये, म्हणजे शटरचा वेग स्वतः ठरवत, फोटोगणिक वेगळे एक्स्पोजर दिले असेल, तर या दोन्हींपेक्षा चांगला उपाय आहे : एक फोटो नीट करावा, त्याला मुख्य ठेवून बाकीचे निवडावेत आणि सेटिंग्ज मेनूतला 'मॅच टोटल एक्स्पोजर्स' हा आदेश द्यावा. तो शटर, अ‍ॅपर्चर आणि आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता) यांचे आकडे वाचून सगळ्यांना एका पातळीवर आणतो, आणि काळ्या कोटातल्या मामांच्या व पांढऱ्या साडीतल्या आजीच्या फोटोंमध्ये फसत नाही, कारण तो चित्राकडे पाहत नाही.

प्रीसेट या सगळ्यानंतर, शेवटी लावावा.

स्वतःचा प्रीसेट बांधताना

विकत किंवा फुकट मिळणाऱ्या प्रीसेटांची मला मनापासून चीड येते ती एका कारणासाठी. त्यांतले पुष्कळसे दुसऱ्या मुलखाच्या उजेडासाठी आणि दुसऱ्या मुलखाच्या आवडीसाठी बांधलेले असतात. हिरवा रंग पिवळ्याकडे सरकवून त्याची तीव्रता उतरवायची, ही त्यांची ठरलेली चाल आहे. जुलै-ऑगस्टमध्ये खानापूर तालुक्यातल्या भाताच्या शिवारात नवरा-नवरीचे फोटो काढावेत आणि असा प्रीसेट लावावा, म्हणजे ओलेचिंब पोपटी शेत वाळल्या पेंढ्यासारखे दिसते, आणि लाल माती तपकिरी चिखल होते. ज्या शेतकऱ्याच्या बांधावर फोटो काढले, त्याला ते दाखवण्याची लाज वाटावी असे ते असतात. पावसाळ्यातली हिरवाई आणि तांबडी माती हीच आपल्या भागाची ओळख आहे, म्हणून प्रीसेट स्वतः बांधावा असे मी आग्रहाने सांगतो. त्याला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागत नाही.

आपण काढलेला, उजेड सर्वसाधारण असलेला एक फोटो घ्यावा आणि तो आपल्या मनासारखा करावा. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एन या कळा दाबल्या की कोणकोणत्या गोष्टी प्रीसेटमध्ये साठवायच्या, हे विचारणारी चौकट उघडते. या चौकटीत कशावर खूण करायची नाही, हे ठरवण्यातच सगळे कौशल्य आहे. एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, क्रॉप आणि फोटोतल्या विशिष्ट जागी रंगवलेले मास्क (फक्त तेवढ्याच भागावर बदल करणारे) यांवर खूण करू नये, कारण या गोष्टी फोटोच्या असतात. टोन कर्व्ह (उजेड-अंधाराचे प्रमाण ठरवणारी वक्ररेषा), रंगांचे वेगवेगळे स्लायडर, शार्पनिंग, ग्रेन, लेन्सची दुरुस्ती आणि प्रोफाइल (रंग दाखवण्याची मूळ पद्धत) या गोष्टी शैलीच्या असतात, त्या साठवाव्यात. असा प्रीसेट आपण आधी हाताने केलेले काम कधीच पुसत नाही, म्हणून तो केव्हाही लावता येतो.

याच चौकटीत 'ऑटो सेटिंग्ज' नावाची एक खूण असते, आणि ऑटो व प्रीसेट यांचे लग्न तिथेच लागते. ती केली तर प्रीसेट लावताना उजेडाचे स्लायडर साठवलेल्या आकड्यांवरून न येता त्या त्या फोटोसाठी नव्याने मोजले जातात आणि शैलीचे आकडे मात्र ठरलेलेच राहतात. बारशासारख्या छोट्या कार्यक्रमाचे दोनशे-अडीचशे फोटो त्याच संध्याकाळी द्यायचे असतात, तेव्हा मी असाच एक प्रीसेट फोटो आयात करतानाच लावतो. आयातीच्या पडद्यावर उजव्या बाजूला डेव्हलप सेटिंग्ज निवडण्याची सोय त्यासाठीच आहे. मोठ्या लग्नाला मात्र मी तो वापरत नाही, कारण तिथे वर सांगितलेल्या गठ्ठ्यांच्या पद्धतीनेच काम सुबक होते.

जून २०२२ मध्ये आलेल्या ११.४ आवृत्तीपासून प्रीसेटच्या पॅनेलमध्ये 'अमाउंट' नावाचा स्लायडर आहे. १०० वर प्रीसेट जसा बांधला तसा लागतो, शून्यावर त्याचा परिणाम उरत नाही आणि २०० पर्यंत तो वाढवता येतो. माझा अनुभव असा की स्वतः बांधलेला प्रीसेटही ६० ते ७५ च्या दरम्यानच शोभतो. बांधताना आपण त्या एका फोटोच्या प्रेमात असतो आणि हात थोडा सैल सुटलेला असतो. हा स्लायडर चालण्यासाठी प्रीसेट साठवताना त्याच्या समर्थनाची खूण करावी लागते, ती विसरू नये.

रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेला फोटो) आणि जेपेग (कॅमेऱ्यानेच तयार करून, आकार लहान करून साठवलेला) यांचे प्रीसेट वेगळे ठेवावेत. रॉ फोटोत रंगाचे तापमान केल्विनमध्ये मोजले जाते, जेपेगमध्ये ते उणे १०० ते अधिक १०० अशा सापेक्ष आकड्यांत असते, आणि कॅमेऱ्यांची प्रोफाइले जेपेगला मिळतच नाहीत. शिवाय १४ बिटच्या रॉमध्ये प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या असतात आणि जेपेगमध्ये अवघ्या २५६, त्यामुळे रॉवर बांधलेला जोरकस प्रीसेट जेपेगमधल्या आभाळावर लावला की त्यात पट्टे उमटतात. मोबाइलवर पाहुण्यांनी काढलेले फोटो अल्बमसाठी येतात, तेव्हा हा प्रश्न हमखास उभा राहतो.

ऑटो कुठे फसतो

भंडाऱ्याची गोष्ट सांगितलीच. हळदीला तेच होते, मग ती मराठी घरातली हळद असो की कन्नड घरातले अरिशिण. तिथे आणखी एक धोका असतो : कातडी सोनेरी दिसावी म्हणून पुष्कळ प्रीसेट पिवळा रंग केशरीकडे झुकवतात, आणि नवरीच्या गालावरची हळद कुंकू कालवल्यासारखी दिसू लागते. हळदीच्या गठ्ठ्यासाठी मी पिवळ्या रंगाचा ह्यू (छटा सरकवणारा) स्लायडर शून्यावर ठेवलेला स्वतंत्र प्रीसेट बांधला आहे, आणि व्हाइट बॅलन्स हळद लागण्यापूर्वी, नवरी नुसती पाटावर बसली असताना घेतलेल्या फोटोवरून ठरवतो.

उजेडाचा ऑटो दोन ठिकाणी चकतो : जिथे सगळे काळे असते आणि जिथे सगळे पांढरे असते. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती (जैन मंदिर), जी रट्ट घराण्याच्या काळात १२०४ साली बांधली गेली, तिच्या आतले काळे दगडी खांब आणि छतातले कमळ यांचा फोटो घेऊन ऑटो दाबून पाहावा. दगड राखेसारखा करडा होतो आणि गाभाऱ्याची गंभीर शांतता नाहीशी होते, कारण एवढा अंधार असू शकतो यावर यंत्राचा विश्वासच बसत नाही. तिथे ऑटोनंतर एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा) खाली आणावे आणि ब्लॅक्स पुन्हा ओढून घ्यावेत. पंढरीला निघालेल्या दिंडीत पांढऱ्या सदऱ्या-टोप्यांनी चौकट भरलेली असते, तेव्हा नेमके उलट होते आणि कपडे मळकट दिसतात. तिथे एक्स्पोजर थोडे वर न्यावे लागते.

गोकाकचा धबधबा पावसाळ्यात पाहिलेल्या प्रत्येकाला घटप्रभेचे ते तांबूस, गढूळ, गर्जत कोसळणारे पाणी आठवत असेल. रंगाचा ऑटो त्या पाण्याला करडे-निळे करतो, आणि आभाळासाठी असलेला अनुकूल प्रीसेट ढगाळ आभाळात नसलेली निळाई भरू पाहतो. असे अनुकूल प्रीसेट, जे फोटोतले आभाळ किंवा माणूस स्वतः ओळखून तेवढ्याच भागावर काम करतात, अतिशय उपयोगी आहेत. दर फोटोत मास्क नव्याने काढण्याचे कष्ट त्यांनी वाचवले आहेत. पण ते भाग ओळखतात, ऋतू ओळखत नाहीत.

चेहऱ्यांविषयी मला थोडे परखड बोलायचे आहे. गिऱ्हाईक 'जरा उजळ करा' म्हणते आणि बाजारातले प्रीसेट नारिंगी रंगाचा ल्युमिनन्स (उजळपणा) वाढवून सावळ्या मुलीला गोरी करून देतात. असा फोटो पाहून तिची आई खूश होईलही, पण दहा वर्षांनी ती मुलगी स्वतःचा चेहरा त्या अल्बमात शोधेल. मी उजळपणा देतो तो उजेडाने : पोर्ट्रेटच्या अनुकूल प्रीसेटचा अमाउंट ३०-४० वर ठेवतो, चेहऱ्याच्या मास्कवर एक्स्पोजर किंचित वाढवतो, आणि नारिंगी स्लायडरला हात लावत नाही. गिऱ्हाइकाला दोन्ही फोटो शेजारी ठेवून दाखवले, तर आजवर कोणी तक्रार केलेली नाही. वाय ही कळ दाबली की आधीचा आणि नंतरचा फोटो असे शेजारी उभे राहतात.

रात्रीची मिरवणूक

वैशाखात शिवजयंतीला बेळगावात चित्ररथांची मिरवणूक निघते आणि ती रात्र संपेपर्यंत चालते. फोटोग्राफरच्या दृष्टीने तिथे सगळ्या अडचणी एकत्र येतात : रस्त्यावरचे दिवे, चित्ररथांवरचे जांभळे-हिरवे झोत, मशाली, आणि सगळीकडे भगवे झेंडे. येथे रंगाचा ऑटो पूर्ण बंद ठेवावा. एका फोटोत मशाल मोठी दिसली की तो थंडावा आणतो, पुढच्यात हिरवा झोत आला की गुलाबी छटा चढवतो, आणि सलग काढलेल्या चार फोटोंत भगवा रंग चार प्रकारचा दिसतो. मी अशा रात्री सगळ्या फोटोंना ४००० केल्विनच्या आसपास एकच आकडा देतो, मशाल पिवळी आणि झोत जांभळा राहू देतो, आणि भगवा सगळीकडे एक आहे ना, एवढेच तपासतो.

उजेडाचा ऑटो येथे चालतो, पण काळे आकाश पाहून तो रात्रीची संध्याकाळ करतो आणि अंधारातला दाणेदारपणा वर आणतो. म्हणून ऑटोनंतर एक्स्पोजर सरसकट ०.७ स्टॉपने उतरवावे. दाणेदारपणासाठी आयएसओनुसार बदलणारा प्रीसेट बांधता येतो. ८०० आयएसओचा एक आणि ६४०० चा एक असे दोन फोटो घ्यावेत, प्रत्येकाचा नॉइज रिडक्शन त्याच्या गरजेप्रमाणे ठरवावा, दोन्ही निवडून नवा प्रीसेट साठवताना आयएसओ-अनुकूल प्रीसेटची खूण करावी. मग १६०० किंवा ३२०० च्या फोटोला सॉफ्टवेअर मधला आकडा स्वतः काढून लावते. मिरवणुकीत एका मिनिटात आयएसओ तीनदा बदलतो, त्यामुळे या एका प्रीसेटने तासभराचे काम वाचते.

एक गोष्ट मात्र कोणताही प्रीसेट दुरुस्त करू शकत नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे साध्या ट्यूबा आणि पुष्कळसे एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, आणि शटर त्याहून जलद ठेवले तर फोटोत पट्टे येतात किंवा सलग फोटोंचा रंग बदलत जातो. अशा दिव्यांखाली शटर १/१०० किंवा १/५० वर ठेवणे, हाच उपाय आहे आणि तो फोटो काढतानाच करायचा असतो.

वडगावची साडी

बेळगावच्या वडगाव-शहापूर भागातल्या एका विणकर गृहस्थांनी गेल्या वर्षी साड्यांचे फोटो काढून घेतले, कारण गिऱ्हाईक आता व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाहून साडी मागवते. येथे आवडीनिवडीला जागाच नाही. फोटोतला डाळिंबी रंग आणि हातातला डाळिंबी रंग एक नसेल तर साडी परत येते आणि तोटा विणकराचा होतो. उजेडाचा ऑटो दाबून पाहिला तेव्हा व्हायब्रन्स १८ ने वाढला आणि मोरपंखी साडी इंग्लिश निळ्याकडे झुकली. म्हणून या कामासाठी मी एक अगदी अरसिक प्रीसेट बांधला : तटस्थ प्रोफाइल, सरळ टोन कर्व्ह, व्हायब्रन्स आणि सॅच्युरेशन शून्य, लेन्सची दुरुस्ती चालू, आणि माफक शार्पनिंग. पडवीत, उत्तरेकडून येणाऱ्या उजेडात, साडीशेजारी राखाडी कार्ड ठेवून पहिला फोटो घेतला, व्हाइट बॅलन्स त्यावरून घेऊन सगळ्यांना दिला, आणि स्क्रीनवरचा फोटो प्रत्यक्ष साडीच्या पदराशी लावून पाहिला. विणकर म्हणाले, "हां, हाच रंग." तेवढे पुरे होते.

लाइटरूम नसेल तर

दर महिन्याचे शुल्क भरणे सगळ्यांना जमत नाही आणि त्यावाचून अडतही नाही. डार्कटेबल हे मोफत सॉफ्टवेअर या बाबतीत काही अंशी पुढे आहे : कोणताही प्रीसेट साठवताना तो कोणत्या कॅमेऱ्याच्या, कोणत्या लेन्सच्या आणि किती आयएसओच्या फोटोंना आपोआप लावायचा, हे सांगून ठेवता येते. रॉथेरपीमध्ये रॉ फोटोत दडलेल्या जेपेगवरून टोन कर्व्ह जुळवून घेण्याची स्वयंचलित सोय आहे, आणि कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर दिसले तसे फोटो हवे असणाऱ्याला ती फार आवडते. गिंपमधला स्वयंचलित व्हाइट बॅलन्स लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही रंग वेगवेगळे ताणतो आणि दोन्ही टोकांना असलेले ०.०५ टक्के पिक्सेल सोडून देतो. धूसर पडलेल्या जुन्या घरगुती फोटोंवर तो कमाल करतो, भंडाऱ्यावर मात्र तो लाइटरूमपेक्षाही वाईट फसतो. फोटोशॉप वापरणाऱ्यांनी लेव्हल्सच्या चौकटीत ऑल्ट दाबून ऑटोवर क्लिक करावे, म्हणजे ऑटोने कोणत्या पद्धतीने विचार करायचा ते निवडता येते. रंग जसेच्या तसे ठेवून फक्त कॉन्ट्रास्ट वाढवणारी पद्धत, जी यादीत 'मोनोक्रोमॅटिक' या नावाने आहे, ती यात्रा आणि हळद यांच्यासाठी सुरक्षित आहे. मोबाइलवर स्नॅपसीडमध्ये आपण केलेले बदल स्वतःचा लुक म्हणून साठवता येतात, पण एकावेळी एकाच फोटोवर काम करावे लागते.

फोटो देण्यापूर्वी

सगळे झाल्यावर प्रत्येक गठ्ठ्यातला एक असे पाच-सहा फोटो निवडून ४ बाय ६ इंचांत लॅबकडून छापून घ्यावेत आणि ते घराच्या दारात, दिवसाच्या उजेडात, स्क्रीनशेजारी धरून पाहावेत. लॅबला फोटो देताना एसआरजीबी हीच रंगप्रणाली ठेवावी, नाहीतर छापील रंग मेलेले येतात. छापील फोटो सगळेच्या सगळे गडद आले, तर प्रीसेट बदलू नये. बहुधा आपल्या स्क्रीनचा उजेड गरजेपेक्षा जास्त असतो, तो उतरवावा आणि मग ऑटोचा निकाल पुन्हा पाहावा. एकाच गठ्ठ्याचा फोटो वेगळा वाटला, तर त्या गठ्ठ्याचा व्हाइट बॅलन्स तपासावा. आणि शैलीतच काही खटकत असेल, तर एक फोटो दुरुस्त करून प्रीसेटच्या नावावर उजवे क्लिक करावे व 'अपडेट विथ करंट सेटिंग्ज' निवडावे. आधी लावलेल्या फोटोंवर हा बदल आपोआप पोचत नाही, तो प्रीसेट त्यांना पुन्हा लावावा लागतो. माझ्या यादीत आज 'भंडारा, ऊन', 'हळद, अंगण', 'कार्यालय, ट्यूब', 'मिरवणूक, रात्र' आणि 'साडी' असे पाचच प्रीसेट आहेत, आणि यात्रेच्या गठ्ठ्यावर काम करताना पहिला फोटो मी नेहमी भंडारा उधळण्यापूर्वीचा ठेवतो.